हरवलेले तीस किलो

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर ते काटा सरांचे. आणि आयुष्यात कोणाचंही उत्तर पहिल्या वेळी बरोबर न म्हणणारा असा दुसरा माणूस दवनीवाड्यातच काय, अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात झालेला नाही. ते आम्हाला शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आणि लग्नपत्रिकांवर तेवढं दिसे, बाकी गाव त्यांना काटा सरच म्हणे. त्यांचे वडील धानाच्या बाजारात तोलाईचं काम करत. त्यांनी मुलाला वारसा म्हणून दोन गोष्टी दिल्या, एक लोखंडी तराजू आणि एक संशयी स्वभाव. सरांनी तराजू घरात टांगला आणि स्वभाव शाळेत आणला. फळ्यावर गणित सोडवून आपण आशेनं त्यांच्याकडे बघावं, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "पुन्हा तोल." उत्तर चुकलेलं असो की बरोबर, शेरा एकच. चूक शोधताना डोळ्यांत पाणी यायचं आणि शेवटी कळायचं की चूक नव्हतीच. मग सर समाधानानं सांगायचे, "आता ते तुझं उत्तर झालं. आधी ते नशिबाचं होतं."

त्यांच्या घरी आलेल्या भाजीचं दुसऱ्यांदा वजन होई, साखरेचं तिसऱ्यांदा. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासण्याआधी ते गठ्ठा तराजूत टाकत आणि जाहीर करत की यंदा पोरांनी लिहिलं भरपूर आहे, पण उत्तरं हलकी आहेत. बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, एकदा कोणी विचारलं की सरांचा हा नाद कधीपासूनचा. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लग्नात मले वरमाला घालाच्या आधी त्यायनं माळ हातावर तोलून पाह्यली होती जी. मी तवाच समजली." जवळच्या बिरसी विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर आमच्या शाळेवरून घिरट्या घालत. इतर शिक्षक आवाज थांबेपर्यंत गप्प बसत. काटा सर मात्र धडा बाजूला ठेवून विचारत, "हे विमान वर आहे. आत्ता याचं वजन कोणावर?" आम्ही म्हणायचो, हवेवर. "अना हवेचं कोणावर?" आम्ही म्हणायचो, जमिनीवर. "म्हणजे थोडंफार तुमच्या डोक्यावरबी आहे. म्हणून ताठ बसा." पाठ ताठ ठेवण्यासाठी इतका शास्त्रीय आधार आमच्या आधी कोणत्याही वर्गाला मिळाला नसावा.

दहावीनंतर मला राईस मिलमध्ये लावायचं, हे माझ्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे न चढण्याची कारणं सगळ्यांना पाठ होती. एका सकाळी सर आमच्या ओट्यावर येऊन बसले.

वडील म्हणाले, "सरजी, पोरगा मिलमध्ये लागून राहिला. तुमी मधात नोका पडू."

सरांनी माझं मनगट धरून वर केलं. "एवढ्याशा हाताचा हमाल? दोन पोत्यांत मोडते. तुमचा तोटा, मिलवाल्याचाबी तोटा. दोन वर्षं मले द्या. जमलं नाही तर मीच याले मिलच्या दारात आणून सोडतो."

माझ्या बुद्धीची एका शब्दानंही तारीफ न करता, केवळ माझ्या हाडांच्या हलकेपणावर सरांनी मला कॉलेजात घातलं. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गोंदियाला गेलो. अर्ज त्यांनीच भरला, आणि खिडकीत देण्याआधी चार वेळा तपासला. मागे रांगेतली मंडळी हिंदीत जे काही बोलली ते सरांनी तोलून पाहिलं नाही, एवढीच त्यांची मेहेरबानी.

पण हे सगळं सांगून झालं तरी सरांची खरी ओळख अजून व्हायची आहे. ती एका प्रयोगात आहे. आम्ही आठवीत होतो. सरांच्या मनात आलं की वस्तुमान कुठे नाहीसं होत नाही आणि कुठून फुकट येत नाही, हे पोरांना एकदा डोळ्यांनी दाखवावं. त्यांनी धान खरेदीवरचा मोठा काटा शाळेच्या मैदानात आणवला आणि अख्खा वर्ग एकेक करून तोलला. वजन झालेल्या प्रत्येकाला मूठभर खारे फुटाणे. वहीत फक्त आकडे लिहिले, नावं नाहीत, कारण सरांच्या मते "विज्ञान नाव विचारत नाही." मग आम्हाला एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोंबून गोंदिया रोडवरच्या मिलच्या धरमकाट्यावर नेलं. ट्रक तोलायचा तो काटा. आमच्यासकट ट्रॉली तोलली, आम्हाला उतरवून रिकामी ट्रॉली तोलली, वजाबाकी केली. ती वजाबाकी आणि मैदानातली बेरीज सारखी यायला हवी होती. आली नाही. शाळेपासून धरमकाट्यापर्यंतच्या दीड कोसात आठवीचा वर्ग तीस किलोंनी हलका झाला होता.

दुसरा कोणी असता तर "अंदाजे बरोबर" म्हणून घरी गेला असता. सरांनी तिथेच धुळीत आम्हाला रांगेत उभं केलं. हजेरी घ्यायला ते त्या दिवशी उत्साहाच्या भरात विसरले होते, ही त्यांच्या नोकरीतली बहुधा एकमेव चूक. त्यांनी विचारलं, "कोणी काट्यावर दोनदा चढलं का?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "नाही, सर." त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. ती वही मी नंतर पाहिली. तीस किलो कुठे गेले असतील याची संभाव्य कारणं तिच्यात क्रमवार होती. पहिलंच कारण होतं, "एक विद्यार्थी दोनदा मोजला गेला." त्यावर काट मारून पुढे लिहिलं होतं, "मुलांना विचारले. नाही म्हणतात. कारण रद्द."

झालं. सगळ्यात सोपं कारण आमच्या शब्दावर रद्द झाल्यामुळे पुढची चौदा वर्षं सर अवघड कारणांच्या मागे लागले. घामामुळे वजन घटतं का हे बघण्यासाठी ते स्वतः भर उन्हात तो रस्ता चालून गेले आणि दोनशे ग्रॅम कमी भरले. त्यातही चपलेचा गळून पडलेला चिखल होता असं त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. धरमकाटा उतारावर आहे का, हे बघायला ते मिलमध्ये पाण्याची बाटली आडवी धरून फिरले, तेव्हा मालकाला वाटलं की कुठल्या तरी खात्याची धाड पडली. ट्रॉली तोलताना बिरसीचं विमान बरोबर डोक्यावर होतं, तेव्हा त्याने हवा वर ओढली असेल, ही शंका तर वहीची तीन पानं खाऊन गेली. ज्याच्या घरी तराजू नाही तो माणूस सुखी, असं बाई म्हणत.

पुढे मी नागपूरला पदार्थविज्ञानात संशोधनाला लागलो आणि माझा विषय ऐकून सरांनी तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला. विषय होता, न्यूट्रिनोला वजन कुठून येतं. न्यूट्रिनो हा इतका हलका कण की आपल्या अंगातून दर क्षणी असंख्य आरपार जातात आणि आपल्याला पत्ता नसतो. त्यांचे तीन प्रकार आहेत, आणि प्रवासात ते एका प्रकारातून दुसऱ्यात वेष बदलतात. वजन अजिबात नसतं तर हे वेषांतर जमलंच नसतं. म्हणजे वजन आहे, पण ते किती आणि आलं कुठून, हे कोणालाच नक्की माहीत नाही. बाकीच्या कणांना वजन मिळण्यात ज्याचा हात आहे तो एक कण सापडलेला आहे. त्याच्या जातीला अदिश कण म्हणतात. काही लोकांचं, आणि माझ्या मार्गदर्शकांचं, म्हणणं असं की असा कण मुळात एकटा नसेलच. लहान कण एकमेकांना घट्ट धरून त्याचं गाठोडं झालं असेल. अशा गाठोड्यातून न्यूट्रिनोला वजन मिळतं का, हे मी कागदावर शोधत होतो.

सर तोवर निवृत्त होऊन कोहमाऱ्याला मुलीकडे राहायला गेले होते. हायवेच्या तिठ्यावर ढाबे, ट्रक आणि घराच्या हाकेच्या अंतरावर एक धरमकाटा. देवानंच जागा निवडून दिली होती. दिवसभर काट्याजवळ खुर्ची टाकून ते ड्रायव्हरांना विचारत, "भरली किती, खाली किती?" आणि दर रविवारी सकाळी मला फोन करत.

"अदिश म्हणजे ज्याले दिशा नाही तो?"

"हो सर."

"अना त्याच्या भरवशावर तू आयुष्य काढून राहिला?"

"सर, त्याचा अर्थ तसा नाही."

"मले अर्थ माहीत आहे, मी तुले शिकवला. पुन्हा तोल."

हळूहळू मला कळलं की सरांना न्यूट्रिनोचं फारसं काही पडलेलं नाही. त्यांना आशा होती ती तीस किलोंची. अख्ख्या विश्वाला वजन कुठून आलं हे जो शोधतो आहे, तो आठवीच्या वर्गाचं कुठे गेलं हेही ओघात सांगेलच, असा त्यांचा हिशेब. ते तसं बोलूनही दाखवत, आणि मी विषय बदलत असे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरली. मंडई म्हणजे जत्रा, पाळणे, जिलेबी, नवरा-नवरी जमवायला आलेले पाहुणे आणि शेवटी दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं नाटक. माझा प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता. उत्तर सुरेख आलं होतं. न्यूट्रिनोचं वजन जिथे यायला हवं नेमकं तिथे. ही बातमी सरांनी गावाला दिली, कोहमाऱ्याहून दोन बस बदलून ते आले आणि दंडारीच्या आधी मंचावर माझं अर्ध्या तासाचं भाषण ठेवलं. माझ्या आधी हरवलेल्या एका शेळीची घोषणा झाली, त्यामुळे लोकांचं लक्ष होतं.

मी मंचामागून साडी नेसलेल्या, मिशीवाल्या काकांना पुढे बोलावलं आणि सांगितलं, "हे घरून निघाले तेव्हा शेतकरी होते, आत्ता राणी आहेत, घटकाभरानं प्रधान होतील. न्यूट्रिनो असाच वेष बदलतो." टाळ्या पडल्या, त्या काकांना होत्या. पुढे बसलेली एक आजी हात वर करून म्हणाली, "वजन कुठून येते हे शोधाले नागपूरले कायले गेला रे बाबू? मायले विचारलं असतं. भातानं येते."

मग मी पडद्यावर माझी दोन चित्रं लावली. डावीकडे गाठोडं न्यूट्रिनोला वजन देतं, उजवीकडे गाठोड्यातले लहान कण देतात, मधे अधिकचं चिन्ह, आणि खाली उत्तर. सर पहिल्या रांगेतून उठले. चष्मा वर केला.

"बाबू, एकच सांग. आपण पोतं तोललं अना लिहिलं. मग तेच पोतं उघडून आतलं धान तोललं, तेबी लिहिलं. अना दोन्हीची बेरीज केली. धान किती झालं?"

"सर, हा प्रश्न इथे लागू नाही."

"काऊन नाही? ह्या मधातल्या अधिकचं काय करून राहिला तू? दोनदा तर नाही मोजलं?"

चौदा वर्षांनी तोच प्रश्न, आणि रांगेवरून फिरलेली तीच नजर आता माझ्यावर. मला घाम फुटला, आणि घाम फुटलेला शिकलेला माणूस जे करतो ते मी केलं. माइक जवळ घेऊन म्हणालो, "सर, हे धान खरेदी केंद्र नाही. हे गणित तुमच्या काट्याच्या पलीकडचं आहे."

गाव हसलं. मंचावरची राणी हसली. सरसुद्धा हसले. चष्मा खाली करत म्हणाले, "बरोबर आहे. आपला काटा धानाचा." आणि बसले.

त्यांनी मला पहिल्या वेळीच बरोबर म्हटलं. जन्मभर ज्या शब्दाची वाट पाहिली तो मला अशा रीतीनं मिळाला, आणि तो घेऊन मी नागपूरला परत आलो. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी गणित उघडून बसलो, आणि संध्याकाळपर्यंत ते मला दिसलं. गाठोडं एकदा गाठोडं म्हणून धरलं होतं, आणि त्यातले कण पुन्हा सुटे धरले होते. दोन चित्रं वेगळी दिसत होती, पण वाटा एकच होता. दुसऱ्यांदा मोजलेला भाग काढून टाकला तेव्हा न्यूट्रिनोचं वजन इतकं उतरलं की बिचाऱ्याला वेष बदलायलाही पुरणार नाही. तीन वर्षांचं सुरेख उत्तर एका अधिकच्या चिन्हावर उभं होतं.

ते तसंच दिलं असतं तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मी मार्गदर्शकांकडे गेलो. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि पेन टेबलावर ठेवलं.

"प्रबंध लांबेल. कदाचित वर्षभर. ठाऊक आहे ना?"

"हो सर."

"कोणी काढली ही चूक?"

"आमच्या शाळेतल्या सरांनी."

"कुठे असतात ते?"

"कोहमाऱ्याला. धरमकाट्याजवळ बसतात."

पेन पुन्हा उचलत ते म्हणाले, "पुढचा प्रबंधही त्यांना दाखव."

फोनवर बोललेलं वजनात भरत नाही, असं काटा सर नेहमी म्हणत. महत्त्वाचं असेल ते लिहून द्यावं. म्हणून त्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं होतं.

आदरणीय सर,

सा. नमस्कार.

तुमचा काटा धानाचा असला तरी माझ्या गणिताला पुरून उरला. पोतं मोजलं होतं आणि आतलं धानही मोजलं होतं. अधिकचं चिन्ह खोडलं आहे. आता उत्तर असं आलं की या वाटेनं न्यूट्रिनोला पुरेसं वजन मिळत नाही. दुसरी वाट शोधावी लागेल. वर्ष जाईल. घरी अजून सांगितलं नाही, पण आई विचारेल तेव्हा भातानं येते असं सांगेन.

मंडईत मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तुमचा प्रश्न मला कळला नाही म्हणून मी चिडलो असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. प्रश्न मी ओळखला होता. तुम्ही तो पहिल्यांदा विचारला तेव्हा आम्ही मिलसमोर धुळीत रांगेत उभे होतो.

सर, आठवीत काट्यावर दोनदा मी चढलो होतो. घरून उपाशी आलो होतो असं लिहिलं तर तुम्ही लगेच माफ कराल, म्हणून खरं लिहितो की त्या दिवशी पोट भरलेलं होतं. फुटाणे चांगले होते, एवढंच कारण. माझं वजन तेव्हा एकतीस किलो होतं. धरमकाटा दहा किलोंच्या खालचं दाखवत नाही, म्हणून तुम्हाला तीस दिसले. वरचा एक किलो कुठे गेला हे तुम्ही शोधत बसाल म्हणून हेही लिहून ठेवतो.

तुमच्या वहीत पहिलं कारणच बरोबर होतं. ते तुम्ही आमच्या शब्दावर रद्द केलंत. दुनियेतली साखर तुम्ही तीनदा तोलली, पण आमचं "नाही" एकदाही तोललं नाहीत. मी उन्हात चाललो नाही, तुम्ही चाललात. कॉलेजात असताना दर सुट्टीत सांगायचं ठरवायचो आणि तुमची वही बघून गप्प बसायचो. मग इतकी वर्षं झाली की सांगण्याचंच वजन जास्त झालं.

त्या कारणावरची काट काढून टाका. विमानाची तीन पानं मात्र फाडू नका, ती मला वाचायची आहेत.

नवीन गणित सोबत जोडलं आहे. मी ते दोनदा तपासलं. तरी बरोबर आहे असं म्हणू नका. रविवारी फोन करा आणि पुन्हा तोल म्हणा.

बाईंना नमस्कार.

तुमचा,
दोनदा तोललेला विद्यार्थी